घरची चटणी ऑनलाइन विकायची तर जाहिरात सगळ्यात शेवटी

घरगुती मसाले करणाऱ्या ताया भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला: इन्स्टावर जाहिरात किती रुपयांची करू? मी सांगते, आत्ता एक रुपयाचीही नको. मागच्या उन्हाळ्यात ज्यांनी तुमच्याकडून दोन किलो चटणी नेली, त्यांना यंदा मेसेज गेला का, ते आधी बघा. आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे भाजी-आमटीत घालायचं मसाल्याचं लाल तिखट, ते एकदम वर्षाचं करतात. फेब्रुवारी सरताना मेसेज गेला नाही, तर ते गिऱ्हाईक दुसरीकडून घेतं आणि मग वर्षभर त्याला चटणी लागत नाही.

आमच्याकडे मिरची निवडणं, मसाला भाजणं, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून आणणं हे सासूबाईंचं राज्य. फोन माझ्याकडे. त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसं आहे, वेबसाइटची घाई नको. धंद्याचा नंबर मात्र वेगळा घ्या. ब्रॉडकास्ट लिस्टमधून, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीतून, गेलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो, आणि एका लिस्टमध्ये 256 जणच बसतात. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला: 'पुढच्या वर्षीच्या चटणीसाठी हा नंबर सेव्ह करून ठेवा.' ऑर्डर आली की ॲपमध्ये त्या चॅटला लेबल लावा, म्हणजे कुणाचे पैसे यायचेत आणि कुणाचं पार्सल जायचंय ते चॅट न उघडता कळतं.

ॲपमधल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, फोटो आणि भाव टाकून थांबू नका. 'भावासाठी मेसेज करा' असं तर मुळीच लिहू नका, निम्मी माणसं तिथूनच परत जातात. मी असं लिहिते: 'कांदा-लसूण चटणी, 500 ग्रॅम. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. तेलात परतलेला कांदा-लसूण आहे. मीठ घातलेलं आहे, भाजीत बेताने घाला.' हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. कोल्हापूरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही, पण नुसती मिरचीपूड वापरणाऱ्या घरात पहिल्याच दिवशी आमटी खारट होते आणि नाव तुमच्या चटणीचं खराब होतं.

कागदपत्रांत टाळाटाळ करू नका. खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा बघणारं सरकारी प्राधिकरण, त्याची नोंदणी हवीच. धंदा लहान असेल तर साधी नोंदणी चालते, त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवरून अर्ज होतो. मिळालेला 14 आकडी नंबर पाकिटावर छापा. सोबत घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची ते, पत्ता आणि शाकाहारीची हिरवी खूण. बेळगाव-निपाणीला किंवा गोव्याला पाठवायचं असेल तर ते दुसरं राज्य झालं, तिथे उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. त्या ऑर्डरी घेण्याआधी सीएला विचारा.

आता पॅकिंग, कारण नफा इथेच राहतो किंवा जातो. बहुतेक कुरिअरवाले खरं वजन आणि खोक्याच्या मापाचं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. 30 बाय 20 बाय 15 चं खोकं घेतलंत तर आत एकच किलो चटणी असली तरी हिशोब 1.8 किलोचा. तीच अर्ध्या किलोची दोन पाकिटं 20 बाय 15 बाय 12 च्या खोक्यात बसली की मापाचं वजन 0.72 येतं, म्हणजे पैसे खऱ्या वजनाचेच. चटणीला तेल सुटतं आणि वास तर लपत नाहीच, तेव्हा जाड, सील होणारं पाकीट, त्यावर दुसरी पिशवी, मग खोकं.

पैसे आधी घ्या. अनोळखी माणसाला कॅश ऑन डिलिव्हरी दिली आणि पार्सल परत आलं, तर जाण्या-येण्याचा खर्च आपल्या माथी. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात जमा दिसल्यावरच माल बांधा. आणि पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

लोक घरी येऊन चटणी नेत असतील किंवा तुम्ही गावात पोहोचवत असाल, तर गूगलवर बिझनेस प्रोफाइल करा, ते फुकट आहे. घराचा पत्ता लपवून नुसता परिसर दाखवता येतो. नाव मात्र पाकिटावर आहे तेच. त्याला 'बेस्ट', 'नंबर वन' जोडलेलं गूगलच्या नियमात बसत नाही. रिव्ह्यू मागा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका, तेही नियमाविरुद्ध आहे. चटणी पोहोचून आठवडा झाला की मागितलेला रिव्ह्यू चांगला येतो, कारण तोवर एक तरी रस्सा झालेला असतो.

एवढं जमलं की मग जाहिरात. डंकाचे ठोके पडताहेत, लाल चटणी उडतेय, असा स्वतः काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, आवाज मूळचाच ठेवा. पुणे किंवा ठाणे असं एकच शहर निवडा, बटण थेट व्हॉट्सॲपवर उघडेल असं लावा आणि आठवडाभर थोड्या पैशांत चालवा. किती मेसेज आले ते मोजू नका, किती जणांनी पैसे भरले ते वहीत लिहा. खर्चाला त्या आकड्याने भागून जे येतं ते एका ऑर्डरमागच्या नफ्यापेक्षा जास्त असेल, तर जाहिरात बंद करा आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावा.