मांजऱ्या साप ओळखताना या चुका टाळा

दर पावसाळ्यात 'फुरसं मारलं' म्हणून मेलेल्या मांजऱ्याचे फोटो येतात, आणि दर वेळी जीव कळवळतो. फुरसं जहाल विषारी, मांजऱ्या निमविषारी, म्हणजे सौम्य विषाचा. पण लोक डोक्यावरची खूण बघतात आणि तिथेच निकाल देतात. फुरशाची खूण बाणासारखी, मांजऱ्याची इंग्रजी वायसारखी. टॉर्चच्या उजेडात घाबरलेल्या माणसाला हा फरक कुठला दिसायला?

मी डोकं सगळ्यात शेवटी बघतो. आधी अंग. मांजऱ्या तीन फुटांपर्यंत सहज भरतो, पण दोरीसारखा सडपातळ. मान बारीक, खवले गुळगुळीत, शेपूट लांब. फुरसं आखूड, जाडसर, खवले खरखरीत. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून खर्रर्र आवाज काढतं. मांजऱ्या अंगाचा पुढचा भाग उचलतो, शेपूट थरथरवतो आणि तोंड उघडून झेपावतो.

उलटी चूक तर जिवावरच बेतते. चिपळूणजवळच्या एका वाडीत करवंदीच्या जाळीत साप दिसला. एका पोराने नुसत्या डोक्याचा फोटो ग्रुपवर टाकला, कुणीतरी लगेच 'मांजऱ्या, निमविषारी' असं ठोकून दिलं. फुरसं झाडावर कुठून येणार, हा त्यांचा हिशोब. पावसाळ्यात येतं की! ओल्या जमिनीवरून ते झुडपांत चढून बसतं. मी पोचेपर्यंत पोराने हात घातला होता. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, प्रतिविष द्यावं लागलं. पोरगा वाचला. अर्धवट फोटोवर ओळख सांगायची घाई करणाऱ्या नवशिक्या सर्पमित्रांचा मला मनापासून राग येतो. पूर्ण अंग दिसत नसेल तर फुरसंच समजा आणि लांब राहा.

'तिकोनी डोकं, उभी बाहुली म्हणजे विषारी' हा शॉर्टकट विसरा. नाग आणि मण्यार यांचं डोकं तिकोनी नसतं, बाहुलीही गोल असते.

मांजऱ्या निमविषारी आहे म्हणून हाताळू नका. वरच्या जबड्यात मागे असलेले विषदंत सरडे-पालींसाठी आहेत हे खरं. तरी चावला तर दवाखाना गाठाच.

कोयनेत दिसलेला प्रत्येक मांजऱ्या 2019 साली नोंदवलेली मांजऱ्याच्याच जातकुळीतली 'ठाकरे' नावाची वेगळी प्रजाती नसतो. ती बेडकांची अंडी खाते, जंगलातल्या ओढ्याकाठी दिसते.

पकडलेला साप भरदुपारी माळावर सोडू नका. हा निशाचर, दिवसा ढोलीत, नाहीतर कौलांखाली वेटोळं करून पडून असतो. मी अंधार पडल्यावर, जिथे सापडला त्याच्याच जवळच्या झाडाच्या फांदीवर सोडतो.