दुभाजकातली घायपात बुडातून कुजत होती, ती अशी थांबली

सांगलीत एका रिसॉर्टच्या आवारात आणि समोरच्या दुभाजकात आम्ही कमी पाण्याची झाडं लावली: घायपात, निवडुंग, अडेनियम. श्रावणात घायपातीची खालची पानं पिवळी, मऊ पडली. ओढलं की रोप अख्खं हातात, बुडाला कुजका वास.

बुरशीनाशक ओतलं, ड्रीप बंद केलं, नवी रोपं आणली. दोन पावसाळे जीव मेटाकुटीला आला.

मग खड्डा खणून बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या सकाळीही ते तसंच उभं! कृष्णाकाठची काळी माती पाणी सोडत नाही, आणि दोन्हीकडे काँक्रीट.

कुजका भाग पांढरा गर दिसेपर्यंत कापला, दर वेळी सुरी स्पिरिटने पुसून. रोपं सावलीत १० दिवस वाळवली. दीड फूट माती काढून तळ पहारीने फोडला. २ घमेली मुरूम, १ जाड वाळू, १ जुनी माती कालवून फूटभर उंच वरंबा केला. रोप माथ्यावर, मान, म्हणजे मुळं आणि पानं जुळतात तो भाग, मातीच्या वर (हे चुकवू नका), भोवती खडी. शेणखत अजिबात नाही. आठ दिवस पाणी नाही. नंतर उन्हाळ्यात पंधरवड्याला एकदा ड्रीप, पावसाळ्यात कॉक बंद.

यंदाच्या पावसात एकही रोप गेलं नाही.