वेगळं नाव ठेवायचंय? शब्द वेगळा निवडा, स्पेलिंग नव्हे

बाळासाठी वेगळं नाव शोधताना दोन वाटा दिसतात. एक, फारसा कुणी न वापरलेला शब्द निवडायचा. दुसरी, सगळीकडे ऐकू येणारंच नाव घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग वाकवायचं: कुठे जादा ‘ए’, कुठे जोडीला ‘एच’, कुठे ‘व्ही’ दोनदा. दुसऱ्या वाटेला जाऊच नका. हाक मारताना स्पेलिंग ऐकू येत नाही. वर्गात त्याच नावाची चार मुलं असतात आणि या एकाला मात्र प्रत्येक अर्जावर, प्रत्येक फोनवर आपलं नाव अक्षर-अक्षर करून सांगावं लागतं.

शब्द कुठून आणायचे

नावांच्या तयार याद्या सगळ्यात शेवटी उघडा. त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि ‘दुर्मीळ’ म्हणून दिलेलं नाव बाकीचे पालकही तिथेच वाचत असतात. आधी शब्दांचे गट घ्या. नुसत्या रात्रीसाठी शर्वरी, यामिनी, विभावरी आहेत. समुद्राला अर्णव, नर्मदेला रेवा. ओवी, आर्या, मालिनी ही छंद-वृत्तांची नावं. केदार, मल्हार, हिंडोल हे राग. गुणवाचक शब्दांकडे तर फार कमी लोक वळतात: ऋजुता म्हणजे सरळपणा, अनघ म्हणजे निष्पाप, मृण्मयी म्हणजे मातीची. पणजी-पणजोबांच्या पिढीची नावंही चाळा. आईवडिलांच्या वयाच्या माणसांची नावं जुनाट वाटतात, पण त्याही मागची पुन्हा ताजी वाटू लागतात.

दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येकी पंधरा नावं लिहा, मग याद्या एकत्र करा. दोघांनाही कारण न देता नाव खोडण्याचा अधिकार ठेवा. कारण मागितलं की वाद सुरू होतो, आणि नावडतं नाव हरलेल्या वादाची आठवण म्हणून घरात राहतं. सहा-सात नावं उरली की नातेवाइकांना लगेच सांगू नका. आधी पुढच्या चाचण्या करा.

अर्थ शब्दकोशातच पाहा

याद्यांमधल्या अर्थांवर विश्वास ठेवू नका. तिथे प्रत्येक नावाचा अर्थ ‘सूर्याचा पहिला किरण’ नाहीतर ‘देवाची देणगी’ असतो. ‘अनय’ ऐकायला छान वाटतं, पण संस्कृतात ‘नय’ म्हणजे नीती आणि ‘अनय’ म्हणजे अनीती, अन्याय. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, संस्कृतसाठी आपटे आणि मोनियर-विल्यम्स हे कोश पाहा. चारही इंटरनेटवर शोधता येतात. शब्द एकाही कोशात नसेल तर तो बनवलेला असण्याची शक्यता मोठी. बनवलेलं नाव ठेवायला हरकत नाही, आवाज सुंदर असेल तर जरूर ठेवा. फक्त त्याला खोटा अर्थ चिकटवू नका. मूल मोठं झाल्यावर स्वतः शोधेल.

विभक्ती लावून बघा

ही चाचणी सर्वात जास्त राहून जाते. नाव एकटं क्वचितच वापरलं जातं; त्याला सतत ला, ने, चा, शी लागत असतात. कागदावर पाच रूपं लिहा आणि भरभर मोठ्यानं म्हणा. ‘कुणालला सांग’ घाईत म्हणा, ऐकणाऱ्याला ‘कुणाला सांग’ ऐकू येतं. ‘वेद ना, अजून झोपलाय’ यातून ‘वेदना’ निघते. ‘ल’ने संपणाऱ्या नावाला ‘ला’ आणि ‘न’ने संपणाऱ्याला ‘ने’ लागलं की दोन व्यंजनं एकमेकांत अडकतात. तेवढ्यानं नाव बाद होत नाही, पण रोज कसं ऐकू येणार हे आधीच कळतं. जोडाक्षरानं संपणाऱ्या नावाचं सामान्यरूपही ठरवून टाका: ‘कैवल्यने’ की ‘कैवल्याने’? घरातच दोन रूपं चालली तर बाहेर तिसरं तयार होतं.

आइसलँडमध्ये तर हा विचार कायद्यातच आहे. तिथली नाव समिती १९९१ पासून काम करते, आणि नवं नाव मंजूर होण्यासाठी त्याला आइसलँडिक विभक्तिप्रत्यय लागू शकले पाहिजेत. आपल्याला समिती नको, पण कसोटी अगदी रास्त आहे.

मग आडनाव जोडा. ‘मिहिर’पुढे ‘रानडे’ आलं की दोन ‘र’ मिसळून ‘मिहिरानडे’ होतं. आडनाव चार-पाच अक्षरी असेल तर दोन अक्षरी नाव पेलतं. आडनाव छोटं असेल तर लांब नाव खुलतं. नाव, मधलं नाव आणि आडनाव यांची इंग्रजी आद्याक्षरंही एकापुढे एक लिहा. पी-आय-जी असा शब्द बनत असेल तर तो तुमच्याआधी शाळेतल्या मुलांना दिसेल.

शेवटी हाक. दुसऱ्या खोलीतून मारा. स्वरानं संपणारी नावं (रेवा, ओवी) लांब जातात. व्यंजनानं संपणाऱ्यांचा मधला स्वर ओढावा लागतो: ‘निनाऽद’. लांब नाव मित्र तोडणारच, म्हणून त्याचं छोटं रूप काय होईल ते आधी म्हणून बघा. ते आवडत नसेल तर नाव बदला. ‘पूर्ण नावानेच हाक मारा’ हा आग्रह घराबाहेर चालत नाही.

लिपीतले खड्डे

मराठीत आपण ऱ्हस्व लिहितो आणि दीर्घ बोलतो: अजित, ललित, मिहिर. त्यामुळे निम्मे लोक ‘अजीत’, ‘मिहीर’ लिहिणार हे धरून चाला. च, ज, झ यांचे दोन उच्चारही लिपीत दिसत नाहीत. ‘जुई’तला ज आणि ‘जय’मधला ज वेगळे, हे मराठी न येणाऱ्याला कळणार नाही.

रोमन लिपीत नुकसान जास्त आहे. ण आणि न एकच होतात, ळ आणि ल एकच, अ आणि आ एकच. ‘कला’ परका माणूस ‘काला’ वाचतो. ‘आर्य’ आणि ‘आर्या’ यांचं स्पेलिंग सारखंच होतं. ‘ज्ञ’ मराठी माणूस डी-एन-वाय असा लिहितो, हिंदी भाषक जी-वाय असा. ‘ऋ’ आपण आर-यू लिहितो, ते आर-आय. म्हणून ऋतुजाची ‘रितुजा’ होते. यातलं काही टाळता येत नाही, पण एक गोष्ट टाळलीच पाहिजे: रोमन रूप इंग्रजीत अश्लील होऊ देऊ नका. ‘अनल’ म्हणजे अग्नी, शब्द देखणा आहे, पण रोमन लिपीत ते गुदद्वाराशी संबंधित इंग्रजी विशेषण होतं. ‘शित’ने संपणाऱ्या नावांतही इंग्रजी अपशब्द वाचला जातो. मूल इंग्रजी वातावरणात शिकणार किंवा काम करणार असेल तर अशी नावं बाजूला ठेवा.

पासपोर्टची अडचणही लक्षात घ्या. त्याच्या माहितीच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत ४४ खुणा मावतात. पहिल्या ओळीत नाव-आडनाव मिळून ३९ जागा उरतात. तिथे फक्त साधी रोमन अक्षरं चालतात: वरचा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) गळून जातो, जोडरेघेच्या जागी ‘<’ ही भरणखूण येते, लांब नाव कापलं जातं. त्यामुळे नावात चिन्हं घालू नका.

फोनची चाचणी सोपी आहे. घराबाहेरच्या पाच जणांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. चुका वेगवेगळ्या ठिकाणी झाल्या तर तो ऐकण्याचा दोष. सगळे एकाच अक्षरावर अडखळले तर दोष नावात आहे, आणि तीच चूक मूल आयुष्यभर दुरुस्त करत राहील. याउलट तीन अनोळखी माणसांना लिहिलेलं नाव वाचायला द्या.

मुलगा की मुलगी ते नावावरून कळत नसेल तर? किरण, शिरीष, सुहास यांच्याबरोबर मराठी माणूस सहज राहतो. जर्मनीत मात्र एका मुलीचं ‘किरण’ हे नाव नोंदवायला नकार मिळाला आणि प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं. २००८ मध्ये निकाल लागला: नावावरून लिंग कळलंच पाहिजे असं बंधन घालता येत नाही.

नोंदणी करताना

मूल परदेशात जन्मणार असेल तर तिथला नियम आधी वाचा. न्यूझीलंडमध्ये राजा, राजपुत्र अशा पदव्यांसारखी किंवा अतिलांब नावं नाकारली जातात. जपानमध्ये नावात चित्राक्षरं वापरायची तर ती ठरावीकच चालतात, आणि मे २०२५ पासून उच्चारही नोंदवावा लागतो.

भारतात नाव ठरलं नसलं तरी जन्माची नोंद होते. ती थांबवू नका, २१ दिवसांत कळवा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार नाव नंतर भरता येतं: नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाई करायचं कारण नाही. उरलेल्या दोन-तीन नावांपैकी प्रत्येक नावानं बाळाला तीन-तीन दिवस हाक मारा. जे नाव घाईत, झोपेत, रागावून मारलेल्या हाकेतही आपोआप तोंडात येतं ते ठेवा.

अर्ज भरताना नाव मराठीत आणि इंग्रजीत स्वतः टाइप करून त्याचा कागद सोबत न्या; तोंडी सांगू नका. प्रमाणपत्र छापण्याआधी मसुदा दिसत असेल तर वेलांटी, उकार आणि इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचा, मधलं नाव आणि आडनावही. कलम १५ खाली चुकीची नोंद सुधारता येते, पण त्यासाठी पुरावे द्यावे लागतात. तेच स्पेलिंग लसीकरणाच्या कार्डावर, आधारवर, शाळेच्या अर्जावर आणि पासपोर्टवर जसंच्या तसं उतरवा.