गाईड युनिव्हर्सिटी बदलतायत, आपण सोबत जायचं का?

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या आपल्या पोरापोरींचा साधारण एप्रिल-मे मधे एक मेसेज येतोच, "ताई, ॲडव्हायझर (म्हणजे गाईड) दुसरीकडे चाललाय, ये म्हणतोय सोबत, काय करू?" आणि बहुतेक वेळा घरी अजून सांगितलेलं नसतं, कारण युनिव्हर्सिटी बदलायची म्हटलं की आईबाबांना वाटतं पोरगं नापास झालं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. जास्त करून अमेरिकेचं आहे, शेवटी भारतातल्यांसाठी थोडं आहे कारण तिथे मामला फारच वेगळा.

पहिलं म्हणजे ज्या मीटिंगमधे विचारलं त्याच मीटिंगमधे हो म्हणू नका. आपल्याला सवय असते, सरांनी विचारलं की मान आपोआप हलते, तिकडे सरांना नावाने हाक मारत असलो तरी आतून ते सरच असतात. "दोन आठवड्यात सांगते" म्हटलं तर तिकडे कोणी उद्धट समजत नाही. पण त्या दोन आठवड्यांत नुसतं झुरत बसू नका, एक प्रश्न लगेच विचारून घ्या: तुम्ही ऑफर साईन केलीय का?

हा प्रश्न का, तर साईन व्हायच्या आधी नव्या डिपार्टमेंटला तुमचा ॲडव्हायझर हवा असतो, त्यामुळे तेव्हा तो जे मागेल त्यातलं बरंच मिळतं. विद्यार्थ्यांना ॲडमिशनच्या सायकलबाहेर घ्या, ज्यांची क्वालिफायिंग परीक्षा (क्वाल्स, पीएचडी पुढे चालू ठेवायला द्यावी लागते ती) झालीय त्यांना परत बसवू नका, कोर्सवर्कचे क्रेडिट पकडा, सामान हलवायचे पैसे द्या, ट्यूशन भरा, हे सगळं तेव्हाच मागायचं असतं आणि लेखी घ्यायचं असतं. साईन झाल्यावर तोच माणूस त्या डिपार्टमेंटमधला एक नवा प्रोफेसर, आणि ग्रॅज्युएट ऑफिस त्याला शांतपणे सांगणार की नियम सगळ्यांना सारखे. तेव्हा "माझे क्वाल्स माफ होतील ना?" यावर "होतील बहुतेक, मी बोलतो" असं उत्तर आलं तर ते नाही समजून चाला, ईमेल येईपर्यंत. चौथ्या वर्षाला असलेल्या पोरीला नव्या ठिकाणी परत दोन सेमिस्टर कोर्सेस करावे लागले असं होतं, आणि तेव्हा ॲडव्हायझरला पण वाईट वाटतं पण वाईट वाटून वर्ष परत मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. जवळजवळ सगळे जण याकडे जायचं का थांबायचं असं बघतात, पण यात तिसरी वाट आहे आणि तुम्ही तिसऱ्या वर्षाच्या पुढे असाल तर माझं मत सरळ तिकडेच आहे: अंगाने जा, डिग्री जुन्याच ठिकाणची ठेवा. नव्या लॅबमधे व्हिजिटिंग स्टुडंट म्हणून बसायचं आणि थिसिस जुन्या युनिव्हर्सिटीत जमा करायचा. हे काही जुगाड नाही, मोठमोठ्या लॅबमधे होतं. वेंकी रामकृष्णन 1999 मधे युटाह विद्यापीठ सोडून केंब्रिजच्या एमआरसी लॅबमधे गेले, रायबोसोमचं (पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणा) काम ऐन भरात असताना. त्यांच्यासोबत गेलेल्या विद्यार्थ्याने डिग्री युटाहचीच घेतली, 2000 मधे, आणि त्याआधी 30एस (रायबोसोमचा छोटा भाग) वरच्या नेचरमधल्या पेपरवर पहिलं नाव त्याचंच. पुढे 2009 ला त्याच कामाला नोबेल मिळालं.

फक्त या वाटेवर कागद जास्त लागतात. जुन्या डिपार्टमेंटमधला कोणीतरी कागदोपत्री कमिटी चेअर (थिसिस तपासणाऱ्या समितीचा प्रमुख) हवा, आणि तो नुसता सहीपुरता नको, तुमच्या बाजूने ग्रॅज्युएट स्कूलशी भांडेल असा हवा. जुना ॲडव्हायझर ॲडजंक्ट (तिथे नोकरी नसलेला, जोडलेला प्राध्यापक) किंवा को-चेअर म्हणून राहू शकतो का ते विचारा. दर सेमिस्टरची रजिस्ट्रेशन फी कोण भरणार ते विचारा. जुन्या युनिव्हर्सिटीचा हेल्थ इन्शुरन्स नव्या शहरात कुठल्या डॉक्टरकडे चालतो ते तर नक्की विचारा, हे कोणालाच आधी सुचत नाही, दात दुखायला लागला की सुचतं. आणि एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, असाल तर पगार कुठून येणार हा सगळ्यात नाजूक भाग, कारण तुमचा आय-20 (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) एका युनिव्हर्सिटीचा आणि पगार दुसरीकडून असं परवानगीशिवाय चालत नाही, एकतर पैसे जुन्या युनिव्हर्सिटीतून यावे लागतात नाहीतर सीपीटी (शिकताना बाहेर काम करायची परवानगी) वगैरे लागतं. हे ॲडव्हायझरला विचारू नका, त्याला माहीत नसतं, बिचारा आत्मविश्वासाने चुकीचं सांगतो. इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओला, म्हणजे विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा.

पहिल्या वर्षात किंवा क्वाल्सच्या आधी असाल तर पूर्ण ट्रान्सफर करायला हरकत नाही, गमावण्यासारखं फार नसतं. पण तेव्हाच हेही बघा की तुम्ही त्या युनिव्हर्सिटीत या एकाच माणसासाठी आला होतात का, कारण तेव्हा ॲडव्हायझर बदलणं पण सोपं असतं. थांबायचं असेल तर स्वतःचं जुनं ॲडमिशन लेटर काढून वाचा. त्यात बऱ्याचदा इतकी वर्षं फंडिंग देऊ असं डिपार्टमेंटने लिहिलेलं असतं, ते डिपार्टमेंटचं वचन आहे, ॲडव्हायझरचं नाही, तो गेला म्हणून संपत नाही. ते घेऊन ग्रॅज्युएट डायरेक्टरकडे जायचं. आणि पाचव्या वर्षात असाल, दोन चॅप्टर झालेत, तर कुठे जाताय, बसून लिहा की.

पैशाचं अजून एक. एनएसएफ, एनआयएच या अमेरिकन सरकारी संस्थांची ग्रँट ही कागदावर युनिव्हर्सिटीला दिलेली असते, प्रोफेसरला नाही. ती हलवायला जुन्या युनिव्हर्सिटीने सोडावी लागते. सहसा सोडतात, पण वेळ जातो आणि मधल्या महिन्यांत तुमचा पगार कशातून निघणार हे कोणी ठरवलेलं नसतं. त्या ग्रँटमधून घेतलेली मशीनं पण युनिव्हर्सिटीचीच, त्यामुळे कुठलं सोबत येणार याची यादी मागा. नवी लॅब उभी राहायला किती वेळ लागतो हे कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना कळणार नाही, त्यांचं सर्व्हर चालू झालं की झालं, पण माझ्या ओळखीतली एक जण मटेरियल्समधे होती, तिचा ग्लव्हबॉक्स (हवा न लागू देता आर्गॉन वायूत काम करायची बंद पेटी) लाकडी खोक्यात पॅक होऊन आला आणि नव्या खोलीत आर्गॉनची लाइनच नव्हती, ती टाकायला बिल्डिंगवाल्यांनी सेमिस्टर घालवलं, तोपर्यंत ही रोज जायची, खोक्याकडे बघायची आणि रिव्ह्यू पेपर लिहायची. उंदरांवर काम असेल तर कॉलनी हलवणं आणि नवीन प्रोटोकॉल मंजुरी, त्यात अजून महिने.

ॲडव्हायझर का चाललाय हेही आडून आडून शोधा. मोठ्या जागी बोलावणं आलं ही एक गोष्ट, टेन्युअर (कायमची नोकरी) नाकारलं म्हणून शेवटच्या वर्षात बाहेर पडतोय ही वेगळी. दुसऱ्यात तो वाईट माणूस आहे असं अजिबात नाही, पण नव्या ठिकाणी त्याचं टेन्युअरचं घड्याळ परत सुरू होणार आणि तो दबाव खाली तुमच्यावर येणार. लॅबमधले बाकीचे कोण जातायत ते बघा. पोस्टडॉकला (पीएचडीनंतर लॅबमधे काम करणारे) कॉफीला घेऊन जा, त्यांना सगळं माहीत असतं.

नव्या युनिव्हर्सिटीचं नाव खाली जातंय का वर, याला मुलं फार वजन देतात. इंडस्ट्रीत जाणार असाल तर तुमचे पेपर आणि काम बघतात. पण भारतात परत येऊन प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर एक लक्षात ठेवा, यूजीसीच्या 2018 च्या नियमांत परदेशी पीएचडी क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय रँकिंगमधे पहिल्या 500 मधल्या युनिव्हर्सिटीची असेल तर असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेला चालते. म्हणजे ज्या नावाची डिग्री घेणार ते नाव त्या यादीत आहे का ते बघून घ्या. आणि स्टायपेंड शहराच्या भाड्याशी लावून बघा, इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावात ज्या पैशात एकटीचा फ्लॅट मिळतो त्यात बॉस्टनला एक खोली मिळाली तरी नशीब.

व्हिसाचं थोडक्यात. ट्रान्सफर म्हणजे तुमचा सेविस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यंत्रणेतली नोंद) जुनी युनिव्हर्सिटी एका ठराविक तारखेला सोडते. त्या तारखेच्या आत विचार बदलता येतो, नंतर जुन्यांच्या हातात काही राहत नाही, आणि त्या तारखेनंतर जुन्या लॅबमधे पगारी काम एक दिवस पण करायचं नाही, "फक्त हा एक्सपरिमेंट संपवून जा" म्हटलं तरी नाही. सोडल्यापासून पाच महिन्यांच्या आत नवा प्रोग्रॅम सुरू व्हायला हवा. व्हिसा स्टॅम्पची मुदत शिल्लक असेल तर त्यावर जुनं नाव असलं तरी नवा आय-20 घेऊन प्रवास चालतो. नवरा किंवा बायको एफ-2 वर असेल तर त्यांचा पण नवा आय-20 लागतो. आणि ऑगस्ट 2025 मधे तिकडच्या सरकारने ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना मधेच प्रोग्रॅम बदलायला बंदी घालायचा प्रस्ताव आणला होता, त्यामुळे सीनियरने दोन वर्षांपूर्वी कसं केलं यावर जाऊ नका, ताजं काय आहे ते डीएसओकडून घ्या.

भारतात असाल तर गाईडच्या मागे जाणं सहसा फायद्याचं नसतं. रजिस्ट्रेशन विद्यापीठाचं असतं, दुसरीकडे गेलात तर बऱ्याचदा प्रवेशापासून सुरुवात. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, रि-रजिस्ट्रेशन धरून आठ, बायकांना आणि 40 टक्क्यांवर दिव्यांगत्व असणाऱ्यांना अजून दोन. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने गाव बदलणाऱ्या मुलींना रिसर्च डेटा दुसऱ्या संस्थेत न्यायला त्याच नियमांत मुभा आहे, पण काम गाईडच्या किंवा संस्थेच्या फंडेड प्रोजेक्टमधलं असेल तर नाही, आणि आधीच्या गाईडला श्रेय द्यावं लागतं. बाकीच्यांनी जुन्या विद्यापीठात नवा गाईड घ्यावा आणि गेलेल्या सरांना को-गाईड करावं, दुसऱ्या संस्थेतला को-गाईड मंजुरी घेऊन चालतो. नवा गाईड शोधताना त्यांच्याकडे जागा आहे का ते आधी बघा, प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार, त्यावर घेता येत नाहीत. आणि तीन वर्षांत रिटायर होणारे नवे विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, त्यामुळे ज्या सरांकडे जायचंय त्यांचं वय गोड बोलून काढून घ्या. जेआरएफ, बार्टी, सारथी, महाज्योती, जी कुठली फेलोशिप असेल तिच्या ऑफिसातनं गाईड बदलाचं लेखी उत्तर आल्याशिवाय एनओसीचा अर्ज टाकू नका, फोनवर "होऊन जाईल मॅडम" म्हणणारे सहा महिन्यांनी त्या खुर्चीवर नसतात.