मोझॅकच्या नोंदींवर हवामानाचे मॉडेल कसे पारखावे

सप्टेंबर 2019 ते ऑक्टोबर 2020 या मोझॅक मोहिमेत जर्मनीचे ‘पोलारश्टेर्न’ जहाज बहुतेक काळ आर्क्टिकच्या समुद्री बर्फाला बांधून घेऊन त्याच्याबरोबर वाहत होते. त्यामुळे मॉडेल पृथ्वीचा पृष्ठभाग ज्या चौकोनांत विभागते त्यातला एकच ठरावीक चौकोन न घेता, दर तासाला जहाज ज्या चौकोनात होते त्यातील मूल्ये काढावीत. मे-जून 2020 मध्ये माणसे बदलण्यासाठी जहाज बर्फ सोडून गेले होते. तो काळ वगळावा.

हवामान अंदाजाचे मॉडेल असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांचाच अंदाज घ्यावा, कारण पुढे वादळाची जागाच चुकते आणि दोष ढगांचा की वाऱ्याचा, हे कळेनासे होते. दीर्घकालीन मॉडेलमध्ये वारे पुनर्विश्लेषणाशी (जुन्या नोंदी आणि मॉडेल यांची सांगड घालून तयार केलेल्या हवामानाच्या चित्राशी) जुळते ठेवल्याशिवाय तारीखवार तुलना करू नये. मोहिमेतून दिवसाला साधारणपणे चार रेडिओसाँड फुगे (वरच्या हवेचे तापमान वगैरे मोजणारी उपकरणे नेणारे) सोडले जात आणि त्यांच्या नोंदी अंदाज केंद्रांकडेही जात. तेव्हा पुनर्विश्लेषणाचे वरच्या हवेतील तापमान या नोंदींशी जुळले, तर त्यात नवल नाही. खरी परीक्षा पृष्ठभागावरील प्रारणाची (रेडिएशनची) आणि उष्णतेच्या प्रवाहांची.

हिवाळ्यात तेथे दोनच अवस्था प्रामुख्याने आढळतात. निरभ्र आकाशाखाली पृष्ठभागाचे निव्वळ दीर्घतरंगी प्रारण (खाली येणारे उष्णतेचे प्रारण वजा वर जाणारे) प्रति चौरस मीटर उणे 40 वॅटच्या आसपास असते, तर अतिशीत (शून्याखालीही न गोठलेल्या) पाण्याचे थेंब असलेल्या ढगाखाली ते शून्याजवळ येते. सरासरी उणे 20 जुळली म्हणून समाधान मानू नये, कारण ते मूल्य प्रत्यक्षात क्वचितच आढळते. म्हणून आधी वारंवारतेचा आलेख काढून त्यात दोन शिखरे दिसतात का, ते पाहावे. शून्याजवळचे शिखर नसेल, तर मॉडेल ढगातील पाणी फार लवकर गोठवते का, हे ढगातील द्रवरूप पाणी मोजणाऱ्या मायक्रोवेव्ह रेडिओमीटरच्या नोंदींवरून तपासावे. निरभ्र अवस्थेतच तापमान चुकत असेल, तर संशय बर्फावर घ्यावा: उदाहरणार्थ, ईआरए-5 या युरोपीय पुनर्विश्लेषणामध्ये समुद्री बर्फाची जाडी सरसकट 1.5 मीटर असून त्यावर हिमाचा थर नाही, म्हणून खालच्या समुद्राची उष्णता सहज वर येते आणि कडाक्याच्या थंडीत पृष्ठभाग वाजवीपेक्षा उबदार दिसतो.

उपकरणांवरही आंधळा विश्वास नको. प्रारणमापकाच्या काचेवर दव गोठलेले तास वगळावेत.

एका वर्षाच्या एका वाटेवरून निष्कर्ष काढण्याआधी 1997-98 च्या शेबा या आर्क्टिकच्या बर्फावरील अशाच मोहिमेच्या नोंदीही घ्याव्यात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील न्यू-आलेसुंद येथील दीर्घकालीन नोंदी उपयोगी आहेत (गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे संशोधन स्थानक तेथेच 2008 पासून आहे). मात्र तेथील वारा डोंगर आणि फ्योर्ड (समुद्राची अरुंद, खोल खाडी) यांच्यामुळे वळतो, म्हणून त्याची तुलना मोठ्या चौकोनांच्या मॉडेलशी करू नये.