कोकणातली बंदरं बघायची तर आधी तिथी बघा

अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं बंदरं बघत जायचं ठरलं की बहुतेक मंडळी आधी राहायची सोय बघतात. खरं तर कॅलेंडर आधी उघडावं. ही गावं वसली आहेत खाडीच्या तोंडाशी. तिथे कधी पोचायचं, किल्ल्यात कधी जायचं आणि गाडी पलीकडे कधी न्यायची, हे पाणी ठरवतं.

हिशोब सोपा आहे. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमाराला एक भरती आणि दुपारी साडेतीनच्या आसपास दुसरी. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी: सकाळी सव्वानऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, फरक पडत नाही. रोज ही वेळ साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. अर्धा तास इकडेतिकडे धरूनच चालावं. मालवण-वेंगुर्ल्याकडे तर भरती मुंबईपेक्षा थोडी आधीच येते, म्हणून तिकडे जेट्टीवर एकदा विचारून घेतलेलं बरं.

याचा पहिला उपयोग अलिबागला. कुलाबा किल्ल्यात सुकतीला चालत जाता येतं, पण कुठल्याही दिवशी नव्हे. अष्टमीला भांग असतो; पाणी धड भरत नाही, धड ओसरतही नाही. दुपारी बाराला सुकती आहे म्हणून गेलात तरी वाटेत पाणी लागायचंच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी लांब ओसरतं खरं, पण सुकती येते भल्या पहाटे नाहीतर संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, आणि परतताना अंधार पडतो. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. उधाणाचा जोर टिकून असतो आणि सुकती सकाळी आठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. सुकतीच्या तासभर आधी वाळूत उतरा आणि पाणी परत फिरलं की तुम्हीही फिरा. भरती मागून येत नाही, आधी बाजूच्या सखल जागा भरते. त्यामुळे समोर कोरडी वाळू दिसत असली तरी मधल्या पट्ट्यात गुडघाभर पाणी झालेलं असतं. चप्पल हातात घेऊ नका, खडकांवर कालवं असतात आणि पाय चिरतो. पट्ट्याचे सँडल घाला.

मुरुडजवळ राजपुरीहून जंजिरा. इथे भरतीपेक्षा वारा महत्त्वाचा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि पाणी शांत असतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की होडी हलते आणि उतरताना पायरी आणि होडी यांतलं अंतर सारखं बदलत राहतं. तेव्हा सकाळची पहिली होडी धरा. नावाडी साधारण पाऊण तास देतात. तेवढ्यात सगळा किल्ला होत नाही, म्हणून निवड करा: दरवाजावरचं हत्ती पकडलेल्या शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं शिल्प, कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा तलाव. बालेकिल्ल्याची चढण वेळ उरला तरच.

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, या चार ठिकाणी गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर घालून खाडी ओलांडायची. भीती वाटते ती चढवण्याची. सुकतीला जेट्टीचा उतार जास्त तिरका होतो आणि खालचा भाग शेवाळानं बुळबुळीत असतो. बुटक्या गाडीचं पोट घासतं, दुचाकी सरकते. जमलं तर अर्धी भरती झाल्यावर जा. माणसं आधी उतरवून चालत पाठवा, गाडीत चालक एकटाच. काही वेळा गाडी रिव्हर्समध्ये घ्यावी लागते. तेव्हा आरशापेक्षा खालच्या खलाशाच्या हाताकडे बघा, तो रोज शेकडो गाड्या लावतो. चढल्यावर गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा. सुटे पैसे जवळ असू द्या, रेंज जाते. शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची धरा. दाभोळला फेरी चुकली तर दापोली-खेड-चिपळूणवरून गुहागर, म्हणजे शंभरावर किलोमीटरचा वळसा आणि घाटाची वळणं रात्रीची.

दाभोळला मात्र फेरीची वाट बघत गाडीत बसून राहणं हा गुन्हाच. बहमनी आणि आदिलशाही काळातलं हे मोठं बंदर, 1508 मध्ये पोर्तुगीजांनी जाळलं. जेट्टीजवळच घुमटाची शाही मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. बांधणी थेट विजापुरी. वरच्या बाजूला चंडिकेचं गुहेतलं देऊळ. आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात भिंतीला हात लावत वाकून जायचं. उन्हातून आल्या आल्या आत शिरू नका, तोंडाशी मिनिटभर थांबून डोळे सरावू द्या. दोन्हीला मिळून दीड तास पुरे.

त्याआधी हर्णै. लिलाव दुपारनंतर, साधारण चारपासून रंगतो. वाळूत मासळीचे ढीग लागतात आणि बोली ढिगावर किंवा पाटीवर होते, किलोवर नाही. दोन माणसांपुरती मासळी हवी असेल तर बोलीच्या घोळक्यात घुसू नका, व्यापाऱ्यांचा धंदा अडतो आणि तुम्हाला काही मिळत नाही. बाजूला वाटे लावून बसलेल्या मावशींकडे जा. कल्ले लाल आणि डोळा फुगीर असेल तर मासळी ताजी. डोळा आत गेलेला असेल तर पुढच्या वाट्याकडे. राहायच्या जागी रांधून देतात का, हे आधी विचारून ठेवा. सहाच्या आत सामान पोचलं तर रात्रीच्या जेवणात येतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव बघायला येऊ नये.

रत्नागिरीत थिबा पॅलेस आणि रत्नदुर्ग अर्ध्या दिवसात होतात. विजयदुर्गाला किल्ल्याबरोबर वाघोटन खाडीकाठची, गिर्ये भागातली मराठ्यांची गोदीही बघा. जहाजं दुरुस्त करायला खडकात खोदलेली. पाटी शोधत बसू नका, गावात विचारा.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग. बांधकाम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं. होडीवाले तासभर देतात, म्हणून सरळ शिवराजेश्वराच्या देवळाकडे चला आणि परतताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी घ्या; चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड. पावसाळ्यात, जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, ही होडी आणि जंजिऱ्याची होडी दोन्ही बंद असतात. खाडीतल्या जंगलजेटी पावसातही बहुधा चालतात, वादळी हवा असली तर थांबतात, तेव्हा सकाळी फोन करूनच निघावं.

वेंगुर्ल्यात डच वखारीचे भग्नावशेष आणि बंदर दोन तासांत होतं. परतीला कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशन. एसटीनं जात असाल तर रेल्वेच्या वेळेआधी किमान दीड तास निघा, मधल्या गावांत एसटी भरून येते.