पूर्णवेळ एमबीए की नोकरी सांभाळून एक्झिक्युटिव्ह पदवी? सीमाभागातील नोकरदारांसाठी मार्गदर्शन

बेळगावजवळच्या उद्यमबाग किंवा मच्छे येथील कारखान्यात सात-आठ वर्षे काढलेला अभियंता, खानापूर-निपाणीकडील पतसंस्थेचा शाखाधिकारी, वडिलांची फाउंड्री चालवायला घेतलेला तरुण, या सर्वांना एका टप्प्यावर व्यवस्थापनाची पदवी घ्यावीशी वाटते. नोकरी सोडून दोन वर्षांचे एमबीए करावे की कामावर राहून एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रम पत्करावा, हा प्रश्न मग सुटता सुटत नाही. संस्थांच्या क्रमवारीत त्याचे उत्तर शोधू नये. तुम्हाला कामाचे क्षेत्रच बदलायचे आहे की आहे त्याच क्षेत्रात वर चढायचे आहे, हे आधी ठरवावे. पुढच्या बहुतेक गोष्टी त्यावरून ठरतात.

क्षेत्र बदलायचे असेल, म्हणजे उत्पादन विभागातून वित्त किंवा विपणनाकडे जायचे असेल, आणि अनुभव तीन-चार वर्षांच्या आत असेल, तर दोन वर्षांचे पूर्णवेळ एमबीए हाच सरळ मार्ग आहे. दोन वर्षांच्या मध्ये उन्हाळ्यात साधारण दोन महिन्यांची इंटर्नशिप असते. नव्या क्षेत्रात आपण काम करू शकतो हे दाखवण्याची पहिली संधी तेथेच मिळते, आणि अनेकदा पुढची नोकरीही तेथूनच जुळते. मात्र या वर्गांत भरतीसाठी येणाऱ्या कंपन्या बहुतांशी नवख्या किंवा अल्प अनुभवाच्या उमेदवारांसाठी जागा घेऊन येतात. आठ-दहा वर्षे काम केलेल्या माणसाला त्या जागी आपल्यापेक्षा बऱ्याच लहान सहकाऱ्यांच्या बरोबरीने आणि कदाचित आधीच्याच पगारावर सुरुवात करावी लागते. पस्तिशीच्या आसपास असलेल्यांनी हा विचार प्रवेश घेण्यापूर्वीच करावा.

एक्झिक्युटिव्ह म्हणून जे विकले जाते, त्यात तीन वेगवेगळे प्रकार असतात आणि माहितीपत्रकांत ते सहज मिसळले जातात. पहिला प्रकार एक वर्षाच्या पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रमाचा. अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स आणि बंगळूरच्या आयआयएमचा ईपीजीपी ही त्याची उदाहरणे आहेत. त्यांसाठी काही वर्षांच्या अनुभवाची अट असते, जीमॅट किंवा जीआरई या प्रवेश परीक्षांचे गुण चालतात, आणि नोकरी सोडावीच लागते. दुसरा प्रकार नोकरी चालू ठेवून आठवड्याच्या शेवटी भरणाऱ्या वर्गांचा. बंगळूरच्या आयआयएमचा दोन वर्षांचा पीजीपीईएम या प्रकारात मोडतो. तिसरा प्रकार काही महिन्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांचा. नामवंत संस्थेचे बोधचिन्ह असले तरी ते प्रमाणपत्र पदवी ठरत नाही, आणि बढतीच्या नियमांत पदव्युत्तर पदवीची अट असेल तर त्याचा उपयोग होत नाही. शिकण्यासाठी असे अभ्यासक्रम चांगले असू शकतात, परंतु पदवीच्या आशेने त्यांवर लाखो रुपये खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी शेवटी हातात काय पडणार, हे संस्थेकडून लेखी घ्यावे. २०१७ च्या कायद्याने आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार मिळाला, पण त्यांचा प्रत्येक अभ्यासक्रम पदवीचा नसतो. दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए घेणार असाल, तर त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. बेळगावात राहून कमी खर्चात पदवी हवी असलेल्यांसाठी हा पर्याय खरोखर विचारात घेण्यासारखा आहे.

खर्च मोजताना केवळ शुल्क पाहू नये. समजा, महिना ६०,००० रुपये पगार आहे. दोन वर्षे नोकरी सोडली तर १४,४०,००० रुपयांची मिळकत बुडते, आणि शुल्क व राहण्याचा खर्च त्यावर वेगळा. त्यात दहा लाखांचे कर्ज दहा टक्के दराने सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याला सुमारे १६,६०० रुपयांचा हप्ता येतो. घरी गृहकर्ज चालू असेल तर हे दोन्ही हप्ते एका कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवावेत. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते, परंतु ती फक्त जुन्या करप्रणालीत.

सीमाभागातील मराठी उमेदवारांनी पूर्णवेळ एमबीएच्या बाबतीत एक तरतूद अवश्य तपासावी. महाराष्ट्राच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी ‘ई’ प्रकार ठेवलेला आहे. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांपैकी आपले गाव आहे का, दहावी-बारावी कोठून झाली आणि मातृभाषेचा दाखला कोणत्या नमुन्यात लागतो, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत वाचून कागदपत्रे आधीच जमवावीत, कारण अर्जाची मुदत सुरू झाल्यावर दाखल्यांसाठी धावपळ होते. कर्नाटकातील सरकारी वाट्याच्या जागांसाठी पीजीसीईटी ही त्या राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दोन्ही राज्यांच्या परीक्षा देण्यास हरकत नाही, आणि मी तसाच सल्ला देईन.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी प्रवास ही मुख्य अडचण आहे. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, तर बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळूर गाठता येते, पण दोन वर्षे असे जाणे-येणे शरीराला आणि संसाराला झेपेल का, हे आधी घरात बोलावे. चिकोडी-निपाणी पट्ट्यातील साखर कारखान्यांत काम करणाऱ्यांनी वर्गांचे वेळापत्रक गळीत हंगामाशी ताडून पाहावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सुट्टी मिळणे कठीण असते आणि पहिले सत्र नेमके त्याच काळात येऊ शकते.

घरचा व्यवसाय असणाऱ्यांना मात्र मी जवळजवळ नेहमीच दुसरा, म्हणजे आठवड्याच्या शेवटी भरणाऱ्या वर्गांचा प्रकार सुचवतो. त्यांना नोकरी शोधायची नसते, त्यामुळे कॅम्पस भरतीसाठी भरलेले पैसे वाया जातात. उलट शनिवारी शिकलेले खेळत्या भांडवलाचे गणित सोमवारी स्वतःच्या फाउंड्रीच्या वहीवर लावून पाहता येते, आणि कास्टिंगच्या कोणत्या ऑर्डरीत तोटा होत होता ते दिसते.

नोकरदारांनी अर्जापूर्वी वरिष्ठांशी बोलून ठेवावे. अनेक संस्था शिफारसपत्र मागतात, काही मालकाचे संमतीपत्रही मागतात. कंपनी शुल्कात वाटा उचलणार असेल, तर त्याबदल्यात किती वर्षे तेथेच राहण्याची अट आहे आणि मध्ये सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, हे करारात वाचूनच सही करावी.